रोड सायकल आणि कच्चा रस्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. असं करणारी ती पहिली भारतीय जोडी. अशा शहरात अनेक घरांत रोड सायकल असणं नवलाचं नाही. पण आता हौस डांबराच्या पलीकडे गेली आहे. कुणाला काश्यपी धरणाच्या मागे जायचंय, कुणाला अंजनेरीच्या पायथ्याला, तर कुणाला नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. मग प्रश्न येतो : आहे ती सायकल सुधारावी की कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली स्वस्तातली ग्रॅव्हल बाइक घ्यावी? उत्तर देणारे खूप भेटतात आणि त्यातले बरेच ऐकीव माहितीवर बोलतात.

गैरसमज १ : रोड सायकल कच्च्या रस्त्यावर मोडते.

वस्तुस्थिती : फ्रान्समधली पॅरिस–रूबे शर्यत ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जाते, इटलीतली स्ट्राडे बियांके पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरून. दोन्हींत रोड सायकलीच धावतात. अडचण फ्रेमपेक्षा टायरची असते. २३ किंवा २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा जेमतेम मावते. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रस्ता कोणता, हेही पाहावं. दबलेल्या मुरमावर ३२ चा टायर निवांत चालतो. नुकत्याच पसरलेल्या खडीवर मात्र ४० चा टायरही घसरतो, कारण आपली खडी म्हणजे फोडलेला काळा पाषाण, धारदार कडांचा.

गैरसमज २ : टायर रुंद झाला की सायकल जड चालते.

वस्तुस्थिती : एकाच जातीचे दोन टायर सारख्याच दाबाने भरले, तर रुंद टायर कमी दबतो आणि किंचित हलका फिरतो. खडबडीत रस्त्यावर फायदा आणखी वाढतो. कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि स्वार दोघांना वर उडवतो. ती ताकद पुढे जाण्याच्या कामी येत नाही. म्हणूनच व्यावसायिक शर्यतपटूही २३ वरून २८ आणि त्यापुढे सरकले आहेत. मात्र रुंद टायरात जुन्याच सवयीने १०० पीएसआय भरले, तर सगळा लाभ वाया जातो. सत्तर किलोच्या स्वाराने ३२ च्या टायरला साधारण ६० पीएसआयपासून सुरुवात करावी आणि टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा पाळावी.

गैरसमज ३ : कुठल्याही रोड सायकलला जाड टायर बसतो.

वस्तुस्थिती : इथेच सगळा निकाल लागतो. नेहमीच्या रिम ब्रेकच्या कॅलिपरमधून बहुधा २८ च्या पुढचा टायर जात नाही. अलीकडच्या डिस्क ब्रेकच्या बऱ्याच रोड सायकलींत ३२ बसतो, काहींत त्याहून मोठाही. तपासणी घरी होते : चार मिलिमीटरची ॲलन की घ्या आणि टायरच्या दोन्ही बाजूंना, वर फोर्कखाली, मागे चाकालगतच्या नळ्यांपाशी सरकवून बघा. नव्या टायरनंतरही एवढी फट उरली पाहिजे. पावसाळ्यात निफाडकडच्या काळ्या मातीत जायचं असेल, तर याहून बरीच जास्त. ती माती टायरला चिकटते, फटीत साचते आणि चाक फिरायचं थांबतं. ‘लहान ६५०बी चाकं लावा’ हा सल्ला डिस्क ब्रेकवाल्यांनीच ऐकावा. त्या चाकाची रिम १९ मिलिमीटर खाली बसते. रिम ब्रेकचे पॅड तिथवर पोहोचत नाहीत.

गैरसमज ४ : चढासाठी ग्रॅव्हलचेच गिअर हवेत.

वस्तुस्थिती : हिशोब करून बघा. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. मागे ३४ दातांची कॅसेट बसवली तर २.१ मीटर. पुढे एकच ४० ची आणि मागे ४२ ची चकती असलेली ग्रॅव्हल बाइक जाते सुमारे २ मीटर. म्हणजे नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढताना नव्या कॅसेटने जवळपास तेवढीच सुटका होते. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे साखळी चकत्यांवर सरकवणारा भाग, ३४ दात पेलतो का, हे आधी विचारा. आखूड केजचा बहुधा पेलत नाही. साखळीही लांब लागेल.

गैरसमज ५ : ट्यूबलेस केलं की पंक्चर संपलं.

वस्तुस्थिती : बाभळीच्या काट्याचं भोक सीलंट बुजवतं, खडीने फाडलेली टायरची बाजू बुजवत नाही. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी बघून भरावं लागतं. शिवाय रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले हवेत. साध्या रिमवर टेप लावून केलेला जुगाड उतारावर जिवावर बेतू शकतो. जवळ एक ट्यूब ठेवावीच.

गैरसमज ६ : ‘ग्रॅव्हल’ असं लिहिलेली स्वस्त सायकल घेतली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : नावाला प्रमाण नसतं. दुकानात चार गोष्टी विचारा. टायर जास्तीत जास्त किती रुंद बसतो? ३८-४० पेक्षा कमी असेल, तर ग्रॅव्हल म्हणून पैसे मोजण्यात अर्थ नाही. मागे कॅसेट आहे की स्क्रूचं फ्रीव्हील? फ्रीव्हील असेल तर नंतर वेगळे गिअर बसवण्याची सोय तोकडी आणि खराब रस्त्यावर एक्सल वाकण्याची भीती जास्त. सर्वांत हलका गिअर कोणता? आणि ब्रेकचे पॅड नाशकात मिळतात का? ‘सुटे भाग घेण्यापेक्षा अख्खी सायकल घ्या, टॅक्स वाचेल’ या बोलण्याला भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग दोन्हींवर जीएसटी ५ टक्केच आहे.

घरात सरळ हँडलची हायब्रिड सायकल असेल तर आधी तिचे टायर मोजा. बऱ्याच हायब्रिड ३५ च्या टायरवरच येतात. वाकडं हँडल नाही म्हणून मुरूम काही त्यांना अडवत नाही. रोड सायकल असेल आणि तिच्यात ३२ मावत असेल, तर टायर आणि कॅसेटवर खर्च करा. २८ च्या पुढे जागाच नसेल आणि दर आठवड्याला कच्च्यावरच जायचं असेल, तरच नवी सायकल. दुकानात जाण्याआधी ॲलन की फिरवायला पाच मिनिटं पुरतात.