मोठ्या कॉलेजचा शिक्का नेमका कुणाच्या कामाला येतो?

कानात इयरफोन नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

यावेळचा विषय घरातूनच आलाय. माझा मावसभाऊ यंदा बारावी झाला. सीईटीच्या मार्कांवर त्याला जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय. पण त्याला ड्रॉप घेऊन आयआयटीसाठी पुन्हा बसायचंय. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणजे पुढची खेप शेवटची. मावशीचा फोन आला, "तूच समजाव रे त्याला. पोरगा हुशार असला की कुठेही चमकतो, कॉलेजच्या नावात काय आहे?" मी आपलं "हो हो" म्हटलं. पण मनात म्हटलं, माझं तर उलटंच झालं होतं.

मावशीच्या बोलण्याला पुरावा आहे बरं का! अमेरिकेतला आहे, तिकडे यावर बरंच संशोधन झालंय. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी 1976 साली कॉलेजात गेलेल्या मुलांचा अभ्यास 2002 मध्ये छापला. मोठ्या कॉलेजातली मुलं जास्त कमावतात हे तर दिसतंच. पण ती आधीपासूनच हुशार आणि हट्टी असतात, मग श्रेय कॉलेजला कसं द्यायचं? म्हणून त्यांनी जोड्या लावल्या. सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेली, सारखेच होकार-नकार आलेली मुलं घेतली. त्यातली काही नामांकित कॉलेजात गेली, काही साध्या. पुढे दोघांची कमाई जवळपास सारखीच निघाली!

इथेच थांबलं तर मावशी जिंकली. पण त्याच अभ्यासात एक अपवाद होता: गरीब घरातली मुलं. त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. डेल-क्रूगर यांच्या नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांबाबतही तेच दिसलं.

का, ते मला कुणी सांगायची गरज नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर, घरात पदवी घेणारा मी पहिला. पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात लागलो, तेव्हा इंटर्नशिप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. सीव्ही एका पानात बसवायचा असतो हे रूममेटकडून कळलं. पहिली इंटर्नशिप मिळाली ती मेसमध्ये वरण-भात खाताना एका सिनियरने "अरे, उद्या शेवटची तारीख आहे" म्हटलं म्हणून. रूममेटचे बाबा मोठ्या कंपनीत होते, त्याला हे सगळं घरीच मिळालं असतं. मला कुठे मिळणार होतं?

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी 2023 मध्ये हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या 12 कॉलेजांच्या वेटलिस्टवरची मुलं तपासली. आत गेलेल्यांची सरासरी कमाई फारशी वाढली नाही. मात्र सगळ्यात वरच्या 1 टक्का कमाईत पोचण्याची शक्यता साधारण 50 टक्क्यांनी वाढली. म्हणजे बहुतेकांना फार फरक नाही, पण अगदी वरच्या खुर्च्यांचं दार तिथून जास्त उघडतं.

तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे चिकटवू नका. पण प्रश्न उचलण्यासारखा आहे: कॉलेज जे देणार, ते तुमच्या घरी आधीच आहे का?

आता मावसभाऊ. मावशी शिक्षिका, काका बँकेत, मोठी ताई बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. फोन केला की रेफरल. त्याच्यासाठी हातातली सीट सोडून एक वर्ष पणाला लावणं मला महाग वाटतं. हाच प्रश्न एखाद्या कंडक्टरच्या मुलीने विचारला असता, तर मी म्हटलं असतं, जमत असेल तर लढ. आणि फी ऐकून माघार घेऊ नकोस: आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला 2 लाख असली, तरी घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, 1 ते 5 लाखांत असेल तर दोन तृतीयांश. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र वेगळा धरायचा.

हे सगळं मी त्याला परवा सांगितलं. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "दादा, तू जाऊन आलास म्हणून तुला असं बोलता येतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. ऑप्शन फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत.