तहकूब झालेला मधुमेह

भिलाईत, वैशाली नगरातल्या एखाद्या मराठी घरी, वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून परतलेल्या माणसाची रक्तशर्करा, अंगावरील मेद फारसा उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते, तेव्हा व्याधीचा निकाल लागला असे आप्तांना वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती बहुधा तहकूब झालेली असते. अन्न आतड्यात लवकर उतरल्याने जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि इन्सुलिनला चालना मिळते. तथापि स्वीडनमधील प्रदीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त आढळले, ते प्रमाण पंधरा वर्षांनी ३० टक्क्यांवर आले. साखर परतली म्हणून रुग्णाच्या जिभेला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. दुखणे जितके जुने, स्वादुपिंड जितके थकलेले, तितकी ही मुदत अल्प.

तपासण्यांची दप्तरी नोंद मात्र चुकू नये: एचबीएवनसी, नेत्र, मूत्रपिंड, आणि आयुष्यभर बी-१२. धानाच्या या मुलखात भाताचे ताट आवरणे कठीण खरे. पण गोडधोड वा भरपेट भातानंतर दोनेक तासांनी घाम फुटून हात थरथरू लागले, तर तो अशक्तपणा न समजता प्रथम साखर मोजावी.