आधी टिपरू, मग ठोका

वसईच्या एव्हरशाईन सिटीत गणपतीची मिरवणूक निघेल, तेव्हा १७० मीटर दूर उभे राहून ढोलाकडे पाहा. टिपरू पडलेले आधी दिसेल. ठोका अर्ध्या सेकंदाने ऐकू येईल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच धावतो ना!

जपानच्या नामको कंपनीने २००१ साली आणलेल्या ‘तायको नो तात्सुजिन’ या व्हिडिओ खेळातही विलंब दगा देतो. पडद्यावर सरकणारा लाल ठिपका खुणेवर येताच ढोलाच्या मध्यावर, निळा येताच कडेवर काठी मारायची. पण दूरचित्रवाणी संचाने चित्र दाखवायला किंचित वेळ लावला, तर तालात पडलेला ठोकाही चुकीचा दिसतो. म्हणून हाताला दोष देण्यापूर्वी उपकरणातील विलंब तपासावा. प्रयोगशाळेतही हाच नियम!