सनद, जमीन आणि प्रतिनिधी

अमेरिकेतील व्हर्जिनिया आणि आपली मुंबई यांचा विचार इतिहासाच्या एकाच प्रकरणात सहसा केला जात नाही. तथापि कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही स्थळे इंग्लंडातील एकाच जमीनदारीला जोडलेली होती. हे साम्य कोठवर टिकते, हे पाहिल्यास वऱ्हाडच्या राज्यकारभाराचे वेगळेपणही ध्यानात येते.

पहिल्या जेम्सने १६०६ मध्ये व्हर्जिनियाची सनद दिली. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगालकडून मिळालेले मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस दिले. दोन्ही सनदांत, ही भूमी केंट परगण्यातील ईस्ट ग्रिनिच येथील राजाच्या जमीनदारीप्रमाणे धारण करावी, असे कलम आहे. अशा धारणेत लष्करी चाकरीचे बंधन नसे. ठराविक देणे तेवढे द्यावे लागे. व्हर्जिनियात ते सोन्यारुप्याचा पाचवा हिस्सा होते, तर मुंबईत वर्षाला अवघे १० पौंड.

परंतु सनदेचे शब्द सारखे असले, तरी त्यांतून निपजलेला कारभार सारखा नव्हता. व्हर्जिनियातील वसाहतवाले स्वतः इंग्रज होते. जन्मसिद्ध हक्क सनदेने राखलेले असल्यामुळे १६१९ मध्ये जेम्सटाऊन येथे त्यांच्या प्रतिनिधींची सभा भरली. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना मात्र तीत स्थान नव्हते. पुढे १६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द करून वसाहत आपल्या हाती घेतली. पण प्रतिनिधिसभा टिकून राहिली.

मुंबईत याच्या उलट घडले. बेट राजाकडून कंपनीकडे गेले, आणि तेथील जमिनीवर पूर्वापार वहिवाटदार होते. त्यांना डावलून सारा वसूल होणे शक्य नव्हते. म्हणून गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने १६७२ मध्ये त्यांच्याशी करार केला. वार्षिक २०,००० झेराफिनांच्या बदल्यात त्यांच्या जमिनी निर्वेध झाल्या. येथे रयतेची संमती घेतली गेली, ती खातेदार म्हणून. कायदे करणारी म्हणून नव्हे.

वऱ्हाडात तर सनदही नव्हती. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे सोपविला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लक्ष रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. सार्वभौमत्व मात्र नावापुरते निजामाचेच राहिले. या भेदाचा परिणाम केवळ कागदी नव्हता. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर नागपूरच्या विधिमंडळासाठी वऱ्हाडातही मतदान होऊ लागले. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे, वलगावसारख्या गावच्या मतदाराने निवडलेला सभासदही कायद्याच्या लेखी सरकारनियुक्तच ठरे.

तात्पर्य, सत्तेचा उगम सांगणारा दस्तऐवज वाचताना भूमी कोणास दिली, एवढेच पाहून भागत नाही. त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाला त्यात कोणते नाव दिले आहे, हेही पाहावे लागते. व्हर्जिनियात तो प्रजाजन होता, मुंबईत खातेदार. वऱ्हाडात त्याचे मत मोजले जाई, पण त्या मताचे फळ दुसऱ्याच्या नावे नोंदले जाई.