पोस्टरवरचं मधलं नाव

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावात जत्रा जवळ आली की कुस्त्यांचं पोस्टर लागतं. वर ग्रामदैवताचा फोटो, खाली एक नंबरच्या कुस्तीतले दोघे, आणि त्यांच्याहून ठळक इनामाचा आकडा. मग दोन नंबर, तीन नंबर. फोटो लहान होत जातात आणि शेवटी नुसती नावं उरतात : अमुक, गंगावेश तालीम, विरुद्ध तमुक, मोतीबाग तालीम. मला या नुसत्या नावांविषयी लिहायचंय. एक नंबरची कुस्ती लागते दिवस मावळताना. तोवर उन्हात मैदान धरून ठेवतात ते हेच पैलवान.

सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्तीपासून. पोरगं चार फड मारतं, गावात नाव होतं, आणि बाप त्याला कोल्हापुरात आणून वस्तादांच्या ओटीत घालतो. कोल्हापूरलाच का, तर शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, परमुलखातल्या मल्लांना आश्रय दिला आणि 1912 साली खुलं झालेलं खासबाग मैदान बांधून घेतलं. तिथं एकदा तरी लढावं, हे प्रत्येक पोराच्या मनात असतंच.

तालमीतला दिवस पहाटे हौदा उकरण्यापासून सुरू होतो. तेल, ताक, हळद, लिंबू, काव घालून मळलेली लाल माती फावड्यानं वर-खाली करायची, मग जोर, बैठका, लढती. नवख्याच्या वाट्याला आणखी एक काम येतं, थंडाई घोटायचं. रात्री भिजवलेले बदाम सोलून खसखस, बडीशेप, मिरी यांच्यासोबत कुंडीत घालायचे आणि बोटाला कण लागेनासा होईपर्यंत घोटत राहायचं. त्यानं मनगट तयार होतं, असं जुने वस्ताद सांगतात. बदामाचा खर्च मात्र ज्याचा त्याला. घरची म्हैस विकून खुराक पुरवणारे बाप या भागात कमी नाहीत. गावाकडून एसटीनं येणाऱ्या डब्यावर कितीतरी पैलवान वाढले.

कमाईचा हंगाम दिवाळीनंतरचा, सुगी झाली की जत्रा सुरू होतात तिथून वैशाखापर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात. हलगी कडाडते, सलामी होते, खडाखडीत दोघं एकमेकांचं मनगट आणि मान चाचपतात. एकजण पट काढतो, समोरच्याला खाली घेऊन मानेवर गुडघा ठेवतो आणि घिस्सा ओढायला बघतो. खालचा हनुवटी मातीत रुतवून, कोपर बरगडीला चिकटवून तसाच राहतो. प्रेक्षकांना वाटतं, काहीच चाललेलं नाही. खरी कुस्ती तेव्हाच चाललेली असते. कान चुरगळतात, श्वासात माती जाते. खालच्यानं नुसता श्वास घ्यायला खांदा सैल केला, की वरचा त्याला आस्मान दाखवतो. जिंकणारा मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा-पन्नासच्या नोटा ठेवतात. बऱ्याचदा इनामापेक्षा त्या नोटांनीच पुढच्या आठवड्याचा खुराक भागतो.

याच गरजेतून नुरा कुस्ती येते. दोघं आधीच ठरवून बरोबरीत सुटतात, इनाम वाटून घेतात. जाणत्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं आणि मैदान ओरडायला लागतं. नुरा वाईटच, ती मातीशी बेइमानी आहे. पण गुडघा एकदा निखळला की पोरगं घरी बसतं आणि दवाखान्याचं बिल जत्रा कमिटी देत नाही, हे ओरडणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

तिशी उलटली की पोस्टरवरून नाव जातं. नशीबवान पोलिसात भरती झालेले असतात. बाकीचे साखर कारखान्यावर वॉचमन, कुणी शेतीत, कुणी गावच्या मैदानात पंच होऊन लहानग्यांच्या जोड्या लावतो. हिंद केसरी, महाराष्ट्र केसरी झालेल्यांना सरकार मानधन देतं, ते योग्यच आहे. पण 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना जिथं अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तिथं बाराव्या जोडीतल्या पैलवानाची दखल सरकार आपणहून घेईल, ही आशा धरता येत नाही. ती दखल गावांनीच घ्यायला हवी. एक नंबरच्या इनामातला थोडा भाग बाजूला काढून मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पैलवानाचा विमा उतरवावा, आणि ते पोस्टरवर इनामाच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावं.