‘तिसरा रिचर्ड’ नाटकातील बकिंगहॅम : एका सहाय्यक भूमिकेचे अध्यापन

प्रस्तावना : शेक्सपिअरचे ‘तिसरा रिचर्ड’ हे ऐतिहासिक नाटक इ. स. १५९२-९३ च्या सुमारास लिहिले गेले व १५९७ मध्ये प्रथम छापले गेले. वर्गात या नाटकाची चर्चा बहुधा रिचर्डच्या क्रौर्याभोवतीच फिरते. परंतु एकटा मनुष्य राज्य बळकावू शकत नाही. त्याला सहाय्यक लागतात. त्यांतील प्रमुख म्हणजे ड्यूक ऑफ बकिंगहॅम.

भूमिकेचे स्वरूप : चौथ्या एडवर्डच्या मृत्यूनंतर त्याचा अल्पवयीन पुत्र गादीचा वारस असतो. चुलता रिचर्ड ती गादी हिरावून घेतो. या कटातील बोलणारे तोंड बकिंगहॅमचे आहे. राजपुत्र अनौरस आहेत, असे तो लंडनच्या नागरिकांना सांगतो. नागरिक गप्प राहतात. मागे उभी असलेली त्याचीच दहाबारा माणसे जयजयकार करतात आणि तोच लोकांचा कौल म्हणून तो मांडतो. पुढे दोन धर्मगुरूंच्या मध्ये, हाती प्रार्थनाग्रंथ घेतलेला रिचर्ड लोकांसमोर येतो. हा देखावाही बकिंगहॅमच्याच सल्ल्याने रचलेला असतो.

राज्य मिळताच रिचर्ड दोन्ही पुतण्यांचा वध सुचवतो. बकिंगहॅम विचारासाठी अवधी मागतो. तेवढ्या वेळात रिचर्ड दुसरा मारेकरी शोधतो. बकिंगहॅम परत येतो तो कबूल केलेली हेरफर्डची जहागीर मागण्यासाठी. ती त्याला मिळत नाही. तो बंड करतो, पुरामुळे त्याचे सैन्य पांगते आणि त्याला मृत्युदंड होतो. इतिहासात ही तारीख २ नोव्हेंबर १४८३ आहे.

मराठी संदर्भ : हा प्रसंग शिकविताना पेशवाईचे उदाहरण उपयोगी पडते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते राघोबादादा पेशवे झाले. दादांचे जुने पक्षपाती सखारामबापू बोकील पुढे नाना फडणीसांसह बारभाईंत सामील झाले. साम्य पूर्ण नाही. येथे कारभारी एकत्र आले आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी राज्य चालविले. बकिंगहॅम मात्र एकटा पडला. हा फरकही विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

अध्यापनासाठी : राखोलीसारख्या औद्योगिक गावातील वर्गात मराठी, गुजराती व हिंदी बोलणारे विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांना इंग्लंडच्या राजवंशावळीपेक्षा पुढील प्रश्न लवकर भिडतात. बकिंगहॅमने अवधी मागितला तो सद्सद्विवेकामुळे की किंमत वाढविण्यासाठी? नाटककार याचे स्पष्ट उत्तर देत नाही. तो थांबला, पण त्याने मुलांना वाचविण्याचा प्रयत्न केला का? नागरिकांचे मौन हा विरोध होता की संमती? विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेत चर्चा करून मग मूळ संवाद वाचल्यास अर्थ लवकर उलगडतो.

निष्कर्ष : बकिंगहॅमने स्वतःच्या हाताने खून केला नाही, त्याने केवळ खोट्याला भाषा पुरविली. परंतु ती भाषा नसती तर रिचर्डची वाट सोपी झाली नसती. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणार असलेल्या विद्यार्थ्यांना ‘मी फक्त सांगितले तेवढे केले’ या सबबीची तपासणी करावयास ही भूमिका शिकविते. म्हणून अध्यापकांनी तिला नायकाच्या बरोबरीने वेळ द्यावा.