सव्वाशे बायकांमागे एक पुरुष

गर्भनलिका साधारण दहा सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयाजवळ ती इतकी निमुळती होते, की आतली पोकळी मिलिमीटरभरही भरत नाही. स्त्रीबीज असतं एक दशांश मिलिमीटरचं. कुटुंबनियोजनाचं सगळं ऑपरेशन ही एवढीशी वाट बंद करण्यासाठी असतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०१९ साली हिशेब मांडला, तेव्हा हे ऑपरेशन झालेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया जगात २१ कोटी ९० लाख होत्या. ब्रिटनची सगळी लोकसंख्या, बाया, पुरुष, मुलं मिळून, तेव्हा पावणेसात कोटींच्या आसपास होती, म्हणजे असे सव्वातीन ब्रिटन. प्रत्येकीच्या दोन नलिका धरून ओळीनं मांडल्या, तर ४३,८०० किलोमीटर होतात. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीला एक वेढा घालून नलिका उरतातच. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या बायका या मोजणीत नाहीत. आपल्या आया, सासवा, मावश्या, ज्यांनी १९७०-८० च्या दशकांत तालुक्याच्या दवाखान्यात 'टाक्याचं' किंवा 'बिनटाक्याचं' करून घेतलं, त्या सगळ्या हिशेबाबाहेर गेल्या.

नलिका बंद करण्याचा विचार पहिल्यांदा मांडला गेला लंडनमध्ये. गाय्ज हॉस्पिटलचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८२३ साली सुचवलं, की जिला पुन्हा बाळंतपण झेपणार नाही तिच्या नलिका सिझेरियनच्या वेळीच बंद कराव्यात. प्रत्यक्ष ऑपरेशन व्हायला १८८० उजाडलं, तेही अमेरिकेतल्या ओहायोत. पुढं जवळपास शतकभर बहुतेकदा पोट उघडूनच हे काम होत राहिलं. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमचे डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि बेंबीखालच्या सेंटिमीटरभर छेदातून नलिकेपर्यंत पोचण्याची रीत इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या हाती आली. त्याच स्टेप्टोंनी तीच दुर्बीण घालून एका स्त्रीचं बीज बाहेर काढलं आणि २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्या नलिका बंद होत्या. बंद नलिकेवरचा तोडगा आणि नलिका बंद करण्याची सोपी रीत, दोन्हींमागे एकच डॉक्टर आणि एकच उपकरण होतं.

नलिकेवर बसवायची चिमटी आली नॉटिंगहॅमहून. डॉक्टर मार्कस फिल्शी यांची ही चिमटी टायटॅनियमची, आतून सिलिकॉनचं अस्तर लावलेली. ती मिटली की नलिकेचा चारेक मिलिमीटरचा भाग दबून सुकतो. नलिका आक्रसत जाते तसं अस्तर फुगून चिमटी घट्ट राहते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं बहुतेक बायकांना हीच लावली जात होती.

बाईच्या बाजूनं ऑपरेशन कसं असतं? पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, काम उरकून बहुधा त्याच दिवशी घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी कित्येक जणींचा खांदा ठणकतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून बाई घाबरते. उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो, श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि तिथल्याच नसा खांद्याकडेही जातात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. वायू जिरला की ते थांबतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या म्हणण्याप्रमाणे साधारण पाच दिवसांनी कामावर जाता येतं, आठवडाभर जड उचलायचं नाही. पाळी पूर्वीसारखीच येते, कारण बीजकोशांना कुणी हात लावलेला नसतो. बीज दर महिन्याला तयार होतं आणि शरीरातच विरून जातं. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शनातही ४८ तासांनंतर फक्त हलकी कामं आणि पूर्ववत व्हायला दोन आठवडे असं लिहिलेलं आहे. किती घरांत ते पाळलं जातं, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारून पाहा. पाण्याची कळशी दोन आठवडे कुणी वाहिली?

ब्रिटनमध्ये सही करण्याआधी बाईला काही आकडे सांगावे लागतात. दर दोनशेंत एकीला पुढं आयुष्यात कधीतरी दिवस जाऊ शकतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारांत दोघींना आतड्याला किंवा रक्तवाहिनीला इजा होण्यासारखी गंभीर गुंतागुंत होऊ शकते. आणि तिसरा आकडा असा, की पुरुषाची नसबंदी दोन हजारांत एकदाच फसते. तीही त्या जागेपुरतीच भूल देऊन, पंधराएक मिनिटांत, पोट न उघडता होते.

हा तिसरा आकडा तिथं ऐकला गेलेला दिसतो. २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात ब्रिटनमधल्या सुमारे २१ टक्के जोडप्यांत पुरुषाची नसबंदी झालेली होती आणि सुमारे ८ टक्क्यांत बाईचं ऑपरेशन. आता महाराष्ट्र पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४९.१ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुषांची नसबंदी होती ०.४ टक्के. सव्वाशेच्या घरात बायका, तेव्हा एक पुरुष. देशाचे आकडे ३७.९ आणि ०.३ असे आहेत. प्रमाण तेच.

इंग्रज पुरुष जन्मतःच समजूतदार होते असं मुळीच नाही. १९५४ साली लॉर्ड डेनिंग यांनी एका निकालात मत नोंदवलं, की सबळ कारणाशिवाय पुरुषानं नसबंदी करणं बेकायदेशीर आहे. सोबतच्या दोघा न्यायाधीशांनी त्याला दुजोरा दिला नाही. त्यानंतर अठरा वर्षांत, १९७२ मध्ये, कायदा करून पुरुष नसबंदी आरोग्य सेवेत आणली गेली.

आणि मराठी पुरुष कायमच मागं होते असंही नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महापालिकेच्या कुटुंबनियोजन विभागाचे डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली आणि पुरुष तिथं गेले. त्या काळात देशातल्या ऑपरेशनांत पुरुषच जास्त होते. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाख ६० हजार ऑपरेशनं झाली, त्यातली ६२ लाख पुरुषांची, आणि कित्येक जबरदस्तीनं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. सरकार पडलं. पुढच्याच वर्षी एकूण ऑपरेशनं साडेनऊ लाखांवर घसरली आणि त्यांत ८० टक्के बायका होत्या. पुरुषांवरच्या जबरदस्तीची शिक्षा सरकारला मतपेटीतून मिळाली, मग उद्दिष्टं पुरी करायला यंत्रणा बायकांकडे वळली, आणि अजून तिथंच आहे. हे सगळं एका वर्षात उलटलं, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

२०१३-१४ मध्ये भारतात सुमारे ४० लाख ऑपरेशनं झाली, पुरुष त्यात लाखाच्या आत. दिवसरात्र धरून दर आठ सेकंदांना एक. अशा वेगात काय होतं ते ८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. एका शिबिरात एका सर्जननं ८३ बायकांची ऑपरेशनं केली. पाच तास लागले असं धरलं तरी एकीच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. त्या आणि लगतच्या शिबिरांतल्या मिळून किमान १३ जणी दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांच्या खंडपीठानं तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला. २०१० ते २०१३ या काळातल्या ३६३ मृत्यूंची नोंद त्या निकालात आहे.

वयाचा आकडा तर मला फारच बोचतो. भारतात ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्या बायकांचं ते २५.७ वर्षांच्या आतच झालेलं असतं, असं २०१५-१६ ची पाहणी सांगते. ब्रिटनमध्ये त्याच वयाची बाई डॉक्टरकडे गेली, तर तिला थांबायला सांगण्याचीच शक्यता जास्त. तीस उलटलेली आणि मुलं असलेली असेल तर मान्यता मिळणं सोपं, असं तिथली आरोग्य सेवाच सांगत आली आहे. या सावधपणाला आधार आहे. अमेरिकेत दहा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासात, तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्यांपैकी २०.३ टक्के जणींना चौदा वर्षांच्या आत पश्चात्ताप झाला, तिशीनंतर करणाऱ्यांत ५.९ टक्के. तरी मला वाटतं, चूक दोन्हीकडे आहे. एका देशात पंचविशीची बाई पुरेशी शहाणी मानली जात नाही, दुसऱ्यात तिला दोन मुलं झाली की विचारायचं कारणच उरत नाही.

दोनशेंतली ती एक बाई न्यायालयात गेली तर? ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, १९९९ साली ठरवलं, की नसबंदी फसून झालेल्या निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च मागता येणार नाही. २००३ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेल्या एका आईच्या खटल्यात, त्यांनी १५,००० पौंड देऊ केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हरियाणातल्या एका मजूर बाईला मात्र मुलीच्या पालनपोषणाची भरपाई मंजूर केली. तिला आधीची सात मुलं होती. ऑपरेशनमध्ये डॉक्टरनं उजवीच नलिका बंद केली होती, डावीला हातही लावला नव्हता. तरीही आता मूल होणार नाही, असं तिला सांगून घरी पाठवलेलं होतं. गरिबाच्या घरात आणखी एक तोंड म्हणजे काय, हे इथल्या न्यायालयाला नेमकं कळलं.

घरात 'आता ऑपरेशन करून टाकू' असा विषय निघाला, की डॉक्टरांसमोर दोघांनी बसा. किती फसतात आणि किती दिवस विश्रांती लागते, हे दोघांच्याही ऑपरेशनबद्दल विचारा. पुरुषाची नसबंदी झाल्यावर तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून खात्री होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं, तेही समजून घ्या. बाईचंच करायचं ठरलं, तर तारीख घेण्याआधी त्या दोन आठवड्यांत स्वयंपाक, पाणी आणि कडेवरचं मूल कोण सांभाळणार ते ठरवा. आणि नवरेहो, आधी स्वतःसाठी विचारा.